कामठ्याची जुनी काठी चुलीत घालू नका

पाऊस लागायच्या आधी यंदा आमच्या घराचं छप्पर शाकारायला काढलं. कौलं उतरवली, वासे मोकळे केले. चुलीच्या वरच्या आढ्याला, धुराने काळ्या झालेल्या पाच काठ्या आडव्या बांधलेल्या सापडल्या. तीन धामणच्या आणि दोन बांबूच्या फाका. दोरी सोडली तर राखेसारखी गळून पडली, इतकी जुनी. मी म्हणालो, "चला, दोन दिवसाचं सरपण झालं." आणि एक काठी मोडायला गुडघ्यावर घेतली पण.

आजा खाटेवर बसलेला होता. त्याला नीट दिसत नाही आता. पण काठी गुडघ्यावर आल्याचा आवाज त्याला बरोबर कळला. तो ओरडला, "ठेव ती खाली! तुझ्या बा च्या लग्नाच्या आधी तोडलेली आहे ती."

मी बारावी झालेला. संघटनेत चार वर्षं झाली. वनहक्काचे फॉर्म भरतो, मोजणीला जातो, तहसीलला जाऊन साहेबाशी बोलतो. सभेत 'आमची संस्कृती, आमचा तीरकामठा' म्हणून भाषण पण ठोकतो. आणि घरातली कामठ्याची काठी मला सरपण वाटली! मला स्वतःची लाज वाटली, म्हणून हे लिहितोय. आणि नुसतं लाजेसाठी पण नाही. त्या दिवशी आजाने मला जे शिकवलं, त्यातून आपल्या दाव्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात आली. ती शेवटी सांगतो. आधी काठीचं सांगतो, कारण काठीचं समजलं तर दुसरं आपोआप समजेल.

जुनं म्हणजे खराब नाही, आणि जुनं म्हणजे चांगलं पण नाही

आजाने पाचही काठ्या एकेक करून हातात घेतल्या. पाचातल्या तीन ठेवल्या, दोन फेकल्या. फेकलेल्या दोनपैकी एक तर दिसायला सगळ्यात सरळ आणि गुळगुळीत होती. मला वाटलं म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून चूक झाली. मी म्हणालो पण. तो म्हणाला, "डोळ्याने काठी बघतो तो फसतो. काठी हाताने आणि कानाने बघायची." हे तो आमच्या बोलीत बोलला, मी मराठीत लिहितोय.

त्याने कसं पाहिलं ते क्रमाने लिहून घेतलंय. पाड्यापाड्यात अजून जाणती माणसं आहेत, त्यांनी यात भर घालावी, चूक असेल तर सांगावी.

पहिलं, वजन. दोन सारख्या लांबीजाडीच्या काठ्या दोन हातात धरायच्या. ओलं लाकूड जड असतं, वाळलं की हलकं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाळलेली काठी तिच्या आकारापेक्षा जास्तच हलकी लागली तर समजायचं, आतून घुणाने खाल्ली आहे किंवा कुजली आहे. ती सरळ गुळगुळीत काठी आजाने इथेच बाजूला काढली.

दुसरं, आवाज. काठीला मधोमध दोन बोटांवर तोलायचं आणि विळ्याच्या पाठीने हळू ठोकायचं. चांगलं वाळलेलं, आतून धड लाकूड टणटण वाजतं, आवाज जरा वेळ राहतो. कुजलेलं थप्प करून गप्प बसतं. आत चीर असेल तर आवाज फुटका येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

तिसरं, टोकं. लाकूड वाळताना टोकाकडून आधी वाळतं आणि तिथेच चिरतं. म्हणून टोकाला चीर दिसली की लगेच काठी फेकायची नाही. चीर किती आत गेलीय ते बघायचं. वीतभर असेल तर तेवढी कापून टाकायची, काठी मुळात लांब ठेवलेली असते ती याच्यासाठीच. पण चीर कशी जाते ते महत्त्वाचं. सरळ रेषेत गेली तर लाकडाचे रेषे सरळ आहेत. वेलीसारखी गोल फिरत गेली तर लाकूडच पिळाचं आहे. त्याचा कामठा दोरी चढवली की हातात वळतो आणि तीर बाजूला जातो. चीर ही अशी लाकडाची खबर देते. आजाच्या भाषेत, "फाटलेलं लाकूड खोटं बोलत नाही."

चौथं, वास आणि सुरीचं टोक. काठीच्या एका जागेला पाणी लावून चोळायचं आणि वास घ्यायचा. धुराचा वास चालेल, लाकडाचा वास चालेल. ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर बुरशी आत शिरलेली आहे. मग सुरीचं टोक रेषेत खुपसून थोडं उचलायचं. चांगल्या लाकडाची लांब सळ निघते, काटा निघावा तशी. कुजक्या लाकडाचा नुसता भुगा, नाहीतर आखूड तुकडा निघतो. अशी काठी दोरी चढवली की कसलीही खबर न देता कडकन मोडते आणि माणसाचं तोंड फोडते. आजाच्या कपाळावरची खूण तशीच पडलेली आहे.

पाचवं, भोकं. घुणाची भोकं दिसली तर काठी पितळी ताटावर आपटायची. पिवळट पांढरं ताजं पीठ पडलं तर किडा अजून आत जिवंत आहे, ती काठी बाकीच्यांजवळ ठेवायची पण नाही. काहीच पडलं नाही, भोकं जुनी काळी आहेत आणि टोकालाच एकदोन आहेत, तर कापून वापरता येते. भोकं मधल्या भागात असतील तर नाही.

सहावं, गाठ. बारीक, घट्ट, लाकडात मिसळलेली गाठ चालते, पण तिच्या भोवती लाकूड जरा जास्त ठेवायचं, सपाट तासायचं नाही. काळी, हलणारी, बोट लावलं तर निसटेल अशी गाठ म्हणजे भोकच.

सातवं आणि शेवटचं, वाकवणं. इथेच पोरं चूक करतात. जुनी काठी सापडली की उचलून पहिल्याच झटक्यात जोरात वाकवतात. चुलीवर वर्षानुवर्षं राहिलेली काठी हाडासारखी कोरडी झालेली असते. ती आधी पावसाळ्यात ओसरीला, पाणी लागणार नाही पण हवा लागेल अशी काही आठवडे ठेवायची. थोडी ओल तिने परत प्यायली की मग एक टोक जमिनीवर टेकवून, मधोमध तळवा ठेवून हळू दाबायची. थोडंसंच. वाक सारखा येतो का, एकाच जागी कोपर होतो का, ते बघायचं. कान द्यायचा. बारीक 'कट' आवाज आला तर थांबायचं. आवाज नाही, वाक सारखा, हात काढला की परत सरळ, तर काठी कामाची.

म्हणजे काठी किती वर्षांची आहे याला तसा अर्थ नाही. दहा वर्षं असो नाहीतर तीस वर्षं. कोरडी राहिली, किडा लागला नाही, बुरशी लागली नाही, उन्हात तडकली नाही, तर ती चांगलीच. आणि दोन वर्षांची असून पावसात, मातीवर, सालीसकट पडली असेल तर ती गेलीच. वय विचारू नका, कशी राहिली ते विचारा.

बांबूचं निराळं

आमच्या सातपुड्यात बहुतेक कामठे बांबूचेच, आणि दोरी सुद्धा बांबूच्याच पट्टीची. धामणचा कामठा कमी. पण बांबू ओळखायला माझी काकी आजापेक्षा पक्की आहे. ती कणग्या, टोपल्या विणते, तिचा हात रोज बांबूवर असतो. काकीचं म्हणणं असं.

पहिल्या वर्षाचा बांबू कोवळा. दिसायला हिरवागार, उंच, पण आत पाणी. त्याचा कामठा वाळल्यावर आक्रसतो, घुण लगेच लागतो. तीन-चार वर्षांचा झालेला घ्यायचा. तो कसा ओळखायचा? गाठींवरचं कोवळेपणाचं आवरण गळून गेलेलं असतं, हिरवा रंग मळकट झालेला असतो, अंगावर पांढुरके डाग धरलेले असतात, आणि ठोकलं तर टणक वाजतो. मानवेल भरीव असतो, कामठ्याला तोच. पोकळ काटस टोपलीला बरा, कामठ्याला नाही.

तोडायचा तो पावसाळा संपल्यावर, थंडीत. पावसाळ्यात कोंब वाढत असतात, बेटाला इजा होते. आणि घुण बांबूच्या आतल्या पिठावर येतो, म्हणून तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली ठेवतात. पाणी पीठ धुऊन नेतं. मग सावलीत उभा करून वाळवायचा. आणि बांबूची वरची कडक पाठ तासायची नाही. बांबूची सगळी ताकद तिथे, आतला भाग नरम. पाठीवर विळ्याचा एक घाव लागला तर तिथेच मोडणार.

फुलोरा आलेला बांबू कामठ्याला घेत नाहीत. मानवेल कित्येक वर्षांनी एकदा सगळा फुलतो, बी पडतं आणि बेट मरतं. तो वाळलेला बांबू ठिसूळ असतो. आजा आपलं वय सांगताना पण असंच सांगतो, बांबू फुलला तेव्हा मी गुरं राखायचो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धामणचं पण थोडं सांगतो. कुऱ्हाडीचा दांडा, गाडीची दांडी, कामठा, जिथे लाकडाला वाकून परत यायचं असतं तिथे धामण. मुळापासून झाड पाडायचं नाही. धामणला बुंध्यातून फुटवे येतात, त्यातला एक घ्यायचा, बाकीचे ठेवायचे. घरी आणल्यावर साल काढायची, नाहीतर सालीखाली किडे राहतात. मधोमध फाडायची, अख्खी ठेवली तर वाळताना तडकते. टोकांना शेण-मातीचा लेप, म्हणजे टोकं घाईने वाळत नाहीत. वळचणीला सावलीत वर्ष-दोन वर्षं, मग चुलीवर आढ्याला. धूर लागला की किडा येत नाही.

बघा, एक कामठा करायला किती वर्षांचा विचार लागतो. आज तोडायची ती काठी आपल्यासाठी नाही, पोरासाठी. आजाने त्या पाच काठ्या ठेवल्या होत्या माझ्या बा साठी आणि माझ्यासाठी. आम्ही विचारलंच नाही कधी.

'आता कामठा कशाला पाहिजे?'

असं म्हणणारे आपल्यातच खूप आहेत. मी त्यांचं म्हणणं टाळत नाही.

एक म्हणतात, शिकार तर 1972 च्या कायद्याने बंद. बरोबर आहे. वनहक्क कायद्यात पण शिकारीचा हक्क दिलेला नाही. मी शिकारीसाठी म्हणत नाहीच. आपल्याकडे होळीला, लग्नाला, पुजाऱ्याच्या पूजेला कामठा लागतो. राखणीला माळ्यावर बसणारा म्हातारा अजून कामठा जवळ ठेवतो. आणि खेळ पण आहे. राजस्थानचा आदिवासी पोरगा लिंबाराम लहानपणी बांबूच्या कामठ्यावर शिकला आणि भारताकडून तीन वेळा ऑलिंपिकला गेला. आपल्या आश्रमशाळेच्या पोरांना कोणी विचारलंय का, तुला तीर मारता येतो का?

दुसरे म्हणतात, कामठा दिसला की आपल्याला रानटी समजतात, पोरांनी पुस्तक धरावं. पुस्तक धरावंच. मी धरलं म्हणून आज हे लिहितोय. पण पुस्तक धरायला कामठा टाकावा लागतो हे कुणी शिकवलं? इंग्रजांनी 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, आपल्याच माणसाच्या हातात बंदूक देऊन आपल्याच माणसावर चालवायला. तरी खाज्या नाईक आणि भीमा नाईक सातपुड्यात उभे राहिले, 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीची लढाई झाली. पुढे 1878 चा वन कायदा आला, मग 1927 चा. कामठा घेणारा हात आणि जंगल घेणारा हात एकच होता. आधी जंगल सरकारी झालं, मग जंगलातली काठी चोरीची झाली.

तिसरे म्हणतात, बाजारात नायलॉनची दोरी मिळते, प्लास्टिकच्या पाइपचे धनुष्य जत्रेत मिळतात, कशाला कष्ट? यांना मी काय सांगू. त्यांच्या पोराला धामण कुठलं आणि तिवस कुठला हे दाखवा म्हणावं. ज्याला झाडाचं नाव माहीत नाही, तो उद्या गावाच्या जंगलाचा दावा कशाच्या जोरावर करणार?

काठीची पावती

माझ्या बा ला त्याच्या तरुणपणी नाक्यावर एका गार्डने अडवलं होतं. खांद्यावर धामणच्या दोन काठ्या. "इमारती लाकूड कुठून चोरलं? पावती दाखव." बा ला मराठी धड येत नव्हतं. काठ्या गेल्या, वर शंभर रुपये गेले, त्याची पावती मात्र कोणी दिली नाही. त्यानंतर बा ने कधी काठी आणली नाही. म्हणून आमच्या घरात आढ्याला आजाच्याच काठ्या, बा ची एक पण नाही. आपलं ज्ञान आपोआप गेलं नाही, भीतीने गेलं.

आता कायदा काय म्हणतो ते सगळ्यांनी पाठ करा. 1927 च्या कायद्यात 2017 पर्यंत 'वृक्ष' म्हणजे बांबू पण, असं लिहून ठेवलेलं होतं. म्हणून वनखातं बांबूला झाड म्हणून अडवायचं. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे, तसं स्पष्ट लिहिलंय. गौण वनोपजाची मालकी, गोळा करणं, वापरणं, विकणं हा आपला हक्क आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने याच हक्कावर जोर धरला, आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतुकीचे पास द्यायचा अधिकार त्या गावाच्या ग्रामसभेच्या हातात आला. ते करू शकतात तर आपण का नाही?

धामणचं मात्र खरं सांगतो, कोणाला फसवत नाही. धामण हे लाकूड आहे, गौण वनोपजात येत नाही. त्याच्यासाठी निस्ताराचा सामूहिक हक्क मागायला लागेल. तो पण कायद्याच्या कलम 3(1) मध्ये आहे. आपल्या किती गावांनी सामूहिक दाव्यात निस्तार लिहिलाय? बहुतेकांनी 'सरपण, चारा, मोह, तेंदू' एवढंच लिहून सोडून दिलंय. औताचं लाकूड, कुऱ्हाडीचा दांडा, कामठ्याची काठी, हे लिहिलंच नाही. जे आपण लिहिलं नाही ते साहेब स्वतःहून देणार नाही.

आता ती दुसरी गोष्ट

आपल्या भागात वैयक्तिक दाव्यांची तपासणी चालू आहे. कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा आहे. 2008 च्या नियमांत, नियम 13 मध्ये, कागदाशिवायचे पुरावे पण धरलेत. बांध, घर, विहीर, स्मशानाची जागा, देवाची जागा, आणि दावेदार सोडून गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब. एकाहून जास्त पुरावे द्यायचे.

एका बैठकीत एका अधिकाऱ्याने गठ्ठा समोर टाकला. म्हणाला, "म्हाताऱ्याच्या बोलण्याला कसला पुरावा?" आम्ही भांडलो, नियम दाखवला. बरोबर भांडलो. पण घरी येऊन मी तोच गठ्ठा परत वाचला आणि गप्प झालो. तीसेक जबाब, सगळ्यांत तेच वाक्य. 'मी सदर इसमास लहानपणापासून ओळखतो, सदर जमीन ते पूर्वापार कसत आहेत.' खाली अंगठा. म्हातारे वेगळे, जमिनी वेगळ्या, वाक्य एक. ते वाक्य कोणी लिहिलं होतं? मी. माझ्याच हाताने, एका रात्रीत, कंदिलाखाली.

दोस्तांनो, ती सरळ गुळगुळीत काठी आठवा. दिसायला सगळ्यात चांगली आणि आतून पोकळ. आपण म्हाताऱ्यांचे जबाब तसेच तासून गुळगुळीत केले. त्यांच्या बोलण्यातल्या गाठी, चिरा सगळ्या काढून टाकल्या, की साहेबाला बरं दिसावं. आणि त्याबरोबर त्यातला जीवच गेला. साहेबाने वरून ठोकलं, थप्प वाजलं.

आता मी आजाला परत विचारलं, आमच्या शेजारच्या काकांच्या शेताबद्दल. तो 'पूर्वापार' म्हणाला नाही. तो म्हणाला, मोठ्या दुष्काळाच्या साली, म्हणजे 1972 ला, तिथे खालचा बांध नव्हता. दुष्काळानंतर दोन पावसाळ्यांनी घातला, मी पण दगड वाहिले. वरच्या अंगाला मोहाची तीन झाडं होती, एक विजेने गेलं, खोड अजून आहे. एक गोष्ट त्याला आठवली नाही, ती तो आठवत नाही असंच म्हणाला. मी शेतात जाऊन बघितलं. बांध आहे. मोहाची दोन झाडं आहेत. जळकं खोड आहे. हा जबाब ठोकून बघा, टणटण वाजतो. कोणत्याही साहेबाला घेऊन चला, शेतात उभं करा.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. काहींना राग येईल, चालेल.

म्हातारा आहे म्हणून त्याचा शब्द खरा, असं आपण म्हणू नये. म्हातारा आहे म्हणून त्याचा शब्द कुचकामी, असं साहेबाने म्हणू नये. काठी जशी पारखतो तसा शब्द पारखता येतो. कोणत्या सालची गोष्ट? दुष्काळाच्या आधी की नंतर? बांबू फुलला तेव्हा की नंतर? तेव्हा तुझी कोणती पोरं जन्मली होती? शेताच्या चार बाजूंना कोण होतं? दुसरा म्हातारा तेच सांगतो का? थोडा फरक असेल तर असू द्या, तसा लिहा. दोघांचं अक्षर न् अक्षर सारखं आलं तर समजा कुणीतरी पढवलंय.

हे काम आपलं आहे, साहेबाचं नाही. ग्रामसभेने आधी स्वतः पारखावं. जिथे ताबा 2005 नंतरचा आहे, तिथे म्हाताऱ्याकडून खोटं बोलवून घेऊ नये. घुण लागलेली एक काठी बाकीच्यांजवळ ठेवली तर सगळ्या जातात. एक खोटा दावा सापडला की शंभर खरे दावे संशयात जातात, हे आपण बघितलंय.

काय करायचं

एक. ज्या पाड्यांचे जबाब एकाच वाक्याचे गेलेत, त्यांनी ग्रामसभेत बसून परत लिहून घ्यावे. म्हाताऱ्याच्या बोलीत ऐकावं, तो बोलला तसं लिहावं, त्याला वाचून दाखवावं, मगच अंगठा घ्यावा. जोडपत्र म्हणून दाव्याला लावावं. माझ्या चुकीचे तीस जबाब मी स्वतः परत लिहितोय, अकरा झालेत.

दोन. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. दिवस मोजा, वाट बघत बसू नका.

तीन. सामूहिक दाव्यात निस्तार सविस्तर लिहा. कोणतं लाकूड, कशासाठी, जंगलाच्या कोणत्या भागातून. धामण, मानवेल नावाने लिहा.

चार. नुसता हक्क मागू नका, नियम पण करा. पावसाळ्यात बांबू तोडायचा नाही, कोवळा तोडायचा नाही, धामणच्या एका बुंध्याचा एकच फुटवा घ्यायचा. जो गावाचा नियम मोडेल त्याला गावाने विचारावं. नाहीतर उद्या वनखातं म्हणेल, यांना दिलं आणि यांनी जंगल संपवलं.

पाच. शाकारणीला छप्पर उतरवाल तेव्हा आढ्याला बघा. काठ्या सापडल्या तर मोडू नका. घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात द्या आणि पोराला शेजारी बसवा. पोरीला पण. काकीसारखा बांबू ओळखणारा हात पोरीतच तयार होतो.

आमच्या तीन काठ्या आता ओसरीला टांगल्या आहेत. पावसाळाभर राहतील. दिवाळीनंतर एकीचा कामठा करायचं ठरलंय, आजा बसून सांगणार आणि बा तासणार. बा ने पहिल्यांदा स्वतःहून विळा हातात घेतला. मी त्याला विचारलं, गार्ड आला तर? तो म्हणाला, "येऊ दे. आता तू वाचून दाखवशील ना कायदा?"

येत्या थंडीत मी स्वतः दोन फुटवे तोडून आणणार आहे. लेप लावून, फाडून, आढ्याला बांधणार. माझं अजून लग्न झालेलं नाही. तरी पण बांधणार.

जिंदाबाद!